पाऊण, तीन पाव आणि चारपैकी तीन

खोपोलीच्या बाजारात भाजीवाल्याकडे 'पाऊण किलो भेंडी' मागितली की तो काट्याच्या पडद्यावर ०.७५० हा आकडा उमटेपर्यंत भेंडी टाकत राहतो. शेजारच्या मदतनिसाला सांगताना मात्र तो म्हणतो, 'साडेसातशे घे.' एकाच वजनाची ही तीन नावे आहेत. मी पाऊण म्हणालो, यंत्राने दशांश अपूर्णांक दाखवला आणि भाजीवाल्याने साडेसात शंभर असा हिशेब केला. तिघांत कुठेही गैरसमज झाला नाही.

हेच पाऊण वहीत आले की काय होते, हा या लेखाचा विषय आहे. संध्याकाळी माझ्याकडे चार-सहा मुले अभ्यासाला बसतात. पाचवीतल्या एका मुलाला मी विचारले, "अर्धा किलो आणि पाव किलो मिळून किती?" तो हातातले काम न सोडता म्हणाला, "पाऊण." मग मी वहीत १/२ + १/४ लिहून दिले. त्याने उत्तर लिहिले : २/६. वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले. मी म्हटले, "आत्ताच तू पाऊण म्हणालास ना?" त्यावर तो म्हणाला, "काका, ते बाजारातलं. हे गणितातलं आहे."

त्याच्या या उत्तराने मला कामाला लावले. मुलाला अपूर्णांक येत नाहीत असे म्हणण्याची सोय त्याने ठेवली नव्हती. त्याला एक अपूर्णांक येत होता आणि दुसरा येत नव्हता. शिवाय ही दोन वेगळी प्रकरणे आहेत अशी त्याची खात्री होती. अशी खात्री मूल पोटातून घेऊन येत नाही. ती कोणत्या तरी मजकुरातून येते. म्हणून मी दोन मजकूर समीक्षकाच्या नजरेने वाचायला घेतले. पहिला जुन्या अंकलिपीतल्या पावकी-निमकीचा, दुसरा शालेय पुस्तकातल्या 'अपूर्णांक' या प्रकरणाचा. कादंबऱ्यांवर आपण पानेच्या पाने लिहितो. ज्या दोन मजकुरांतून मराठी माणसांच्या पिढ्याच्या पिढ्या गेल्या, त्यांच्या भाषेकडे मात्र साहित्याचे वाचक सहसा वळत नाहीत.

अंकलिपीचे वाचन

माझ्याकडची अंकलिपी मुखपृष्ठ गेलेली आहे, त्यामुळे तिचे साल सांगता येत नाही. मुळाक्षरे, बाराखड्या, अंक, पाढे आणि त्यानंतर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असा तिचा क्रम आहे. पावकी म्हणजे पावाचा पाढा, निमकी अर्ध्याचा, पाऊणकी पाऊणचा. सवायकी सव्वाचा, दिडकी दीडचा, अडीचकी अडीचचा आणि औटकी साडेतीनचा.

हे पाढे म्हणजे निव्वळ घोकंपट्टी असे म्हणून आपण ते बाजूला टाकतो. पण थोडे थांबून त्यांची रचना पाहावी. पावकीत एकाला पाव येतो, दोनांना अर्धा, तिनांना पाऊण आणि चारांना पूर्ण एक. पाचाला पुन्हा सव्वा, म्हणजे पावच, फक्त एकावर बसलेला. दर चौथ्या पायरीला अपूर्णांक पूर्ण होतो. पाऊणकीत हाच जिना उलटा उतरतो : पाऊण, दीड, सव्वादोन, तीन. अपूर्ण भाग पाऊण, अर्धा, पाव असा घटत जातो आणि चौथ्या पायरीला नाहीसा होतो. सवायकीत सव्वा, अडीच, पावणेचार, पाच. औटकीत औट, सात, साडेदहा, चौदा. इथे दोन पायऱ्यांतच पूर्णांक येतो. ज्याने हे पाढे कान देऊन म्हटले असतील त्याच्या जिभेला पावांची चौकडी आणि अर्ध्यांची जोडी कळलेली असते, मग डोक्याला कळो वा न कळो.

दुसरी गोष्ट शब्दांची. पाऊण हा पादोन, म्हणजे पादाने ऊन, पावाने कमी. सव्वा हा सपाद, पावासह. साडे हा सार्ध, अर्ध्यासह. या तिघांची व्युत्पत्ती सरळ आहे. दीड, अडीच आणि औट यांची वाट वेगळी. अडीच हा अर्धतृतीय या शब्दाचा प्राकृतातून आलेला वंशज, म्हणजे 'तिसरा अर्धा'. दोन पूर्ण झाले आहेत आणि तिसऱ्याचा अर्धाच आहे. औट हा तसाच अर्धचतुर्थ, चौथा अर्धा. दीडमध्येही दुसऱ्याचा अर्धा आहे. म्हणून मराठीत साडेएक आणि साडेदोन नाहीत. त्या जागा आधीच भरलेल्या होत्या. औटची जागा मात्र साडेतीनने घेतली आणि औट शिल्लक राहिला तो 'औट घटकेचे राज्य' या वाक्प्रचारात. चोवीस मिनिटांची एक घटका धरली तर हे राज्य चौऱ्याऐंशी मिनिटांचे. राजकीय अग्रलेखात हा शब्द वापरणाऱ्या किती जणांना त्यात साडेतीन ऐकू येतात, कोण जाणे.

ही रीत आपल्यापुरती नाही. जर्मन माणूस अडीच वाजल्याला 'अर्धे तीन' म्हणतो. रशियनमधल्या दीडच्या शब्दात दुसऱ्याचा अर्धा दडलेला आहे. डॅनिश भाषेत पन्नासचा शब्द 'तिसरा अर्धा गुणिले वीस' असा आहे, म्हणजे अडीच विसा. आपल्या शेजारी हिंदीत ढाई आहे, गुजरातीत साडेतीनच्या पाढ्याला ऊठां म्हणतात आणि 'ऊठां भणाववां' म्हणजे एखाद्याला बनवणे. साडेतीनचा पाढा शिकवतो म्हणून सांगून कोणी तरी कोणाला तरी चांगलेच फसवले असणार. तेव्हा मराठीच्या अनन्यतेचा गौरव करायला ही जागा नव्हे. मुद्दा एवढाच की ही संख्यानामे अडाण्यांची कामचलाऊ सोय नसून एका विस्तृत भाषिक परंपरेचा भाग आहेत.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मराठीत हे शब्द गुणाकार करतात. दीडशे, अडीच हजार, सव्वा लाख, पाऊणशे, पावणेदोनशे. दीडशे म्हणजे एकशे पन्नास हे मुलाला अपूर्णांकांच्या गुणाकाराच्या कितीतरी आधी माहीत असते, आणि तो गुणाकारच असतो. १९५७ च्या १ एप्रिलला रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले. १९५६ च्या कायद्याने पुढे शेर-मणाच्या जागी ग्रॅम-किलो आले. पाव-पाऊण तेव्हाच संपायला हवे होते. ते संपले नाहीत, कारण भाषेने दशमान पद्धतच पचवली. पाव किलो म्हणजे अडीचशे ग्रॅम. या साध्या वाक्यात एका अपूर्णांकाचे दुसऱ्या अपूर्णांकात भाषांतर आहे : हजाराचा पाव म्हणजे शंभराची अडीचपट. अर्धपाव म्हणजे सव्वाशे ग्रॅम : हजाराचा आठवा हिस्सा म्हणजे शंभराची सव्वापट. आमच्या बाजारात हे दिवसभर चालते आणि कोणाला त्याचे विशेष वाटत नाही.

उभ्या रेघा

याच मजकुराला एक लिपीही होती. जुन्या मराठी हिशेबांत पाव म्हणजे एक उभी रेघ (।), अर्धा म्हणजे दोन (॥), पाऊण म्हणजे तीन (॥।). सव्वा लिहायचा तर १।, दीड १॥, पावणेदोन १॥।. रुपयाच्या हिशेबात उभी रेघ म्हणजे चार आणे. त्याखालच्या एक, दोन, तीन आण्यांसाठी आणखी लहान, आडव्या-तिरक्या रेघा. चार लहान रेघा झाल्या की एक उभी, चार उभ्या झाल्या की एक रुपया. आपण दहाच्या पायावर संख्या लिहितो तसे हे चारच्या पायावरचे लेखन आहे. ही चिन्हे २००९ साली युनिकोडमध्येही दाखल झाली.

आता माझ्या विद्यार्थ्याचे गणित या लिपीत लिहून पाहा. ॥ आणि । मिळून ॥।. चूक करायला जागाच नाही. १/२ + १/४ = ३/४ या लेखनात मात्र एक, दोन, एक, चार यांपैकी कशातही तीन दिसत नाहीत. मुलाने एक आणि एक दोन केले, दोन आणि चार सहा केले, कारण कागदावर त्याला तेवढेच दिसत होते.

मग ही लिपी आपण सोडली ती चूक होती काय? तसे मी म्हणणार नाही. उभ्या रेघांत तिसरा हिस्सा लिहिता येत नाही, पाचवा नाही, सातवाही नाही. अंश वर आणि छेद खाली लिहिण्याची पद्धत त्यासाठीच लागते. भास्कराचार्यांच्या ११५० च्या 'लीलावती'त ती आहेच. मधली आडवी रेघ तेवढी नाही. ती बाराव्या शतकात वायव्य आफ्रिकेतल्या अरबी गणितज्ञांच्या लेखनात येते आणि तिथून युरोपात पोचते. 'लीलावती'तले एक उदाहरण मला फार आवडते. एक कंजूष माणूस भिकाऱ्याला द्रम्म नावाच्या नाण्याच्या अर्ध्याचे दोन तृतीयांश, त्याचे तीन चतुर्थांश, त्याचा पंचमांश, त्याचा सोळावा भाग आणि त्याचाही चौथा भाग देतो. गुणाकार केला की द्रम्माचा १/१२८० उरतो. त्या वेळच्या कोष्टकाप्रमाणे तो होतो बरोबर एक कवडी. एवढ्या अपूर्णांकांची मिरवणूक काढून शेवटी भिकाऱ्याच्या हातावर एक कवडी पडते. गणिताच्या पुस्तकात कंजुषाचे व्यक्तिचित्र इतक्या कमी शब्दांत क्वचितच आले असेल. पावकी-निमकीच्या भाषेत हे उदाहरण मांडताच येत नाही. त्यातला दोन तृतीयांश आणि पंचमांश तिथे अडकतो.

आठवणींचे लेख काय विसरतात

पावकी-निमकीबद्दल आपल्याकडे हळवे लेख पुष्कळ येतात. आजोबांना औटकी तोंडपाठ होती, हल्लीच्या मुलांना यंत्राशिवाय काही येत नाही, असा त्यांचा सूर असतो. या लेखांशी माझे भांडण आहे. हे पाढे कोणाच्या तोंडी होते आणि कोणावर चालत होते, हा प्रश्न ते विचारत नाहीत.

कोकणातल्या खोतीत कुळांना अर्धेल आणि तिर्धेल अशी नावे होती. अर्धेल पिकाचा अर्धा हिस्सा खोताला देई, तिर्धेल तिसरा. इथे मला थांबावे लागले. बोलभाषेत तिसऱ्या हिश्शाला शब्दच नाही असे मी समजत होतो. शब्द होता, तो देणाऱ्याच्या कपाळी लिहिलेला होता. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा होता. त्याच जिल्ह्यात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे जमिनी पडीक ठेवून संप केला. खोती रद्द करण्याचे विधेयक डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडले. कायदा झाला १९४९ साली. खळ्यावर रास मोजली जात असताना आपला अर्धा खरोखर अर्धा आहे की नाही हे ज्याला तपासता येत नव्हते, त्याच्यासाठी निमकी ही आठवणींची गोष्ट नव्हती.

दिडकीचेही तसेच. धान्याची उसनवारी सवाईने किंवा दिढीने चाले. पावसाळ्याच्या तोंडी एक मण भात घ्यायचे आणि सुगीला दीड मण घालायचे ही दिढी. एका साली फेडता आले नाही तर पुढच्या साली दीडचे दीडपट, सव्वादोन मण. तिसऱ्या साली सव्वातीन मण आणि वर अर्धा पाव. तीन वर्षांत एकाचे तिपटीहून जास्त होते. सावकाराला हे दिडकीने चुटकीसरशी सांगता येई. घेणाऱ्याला येत नसे. कर्जत-खालापूरच्या वाड्यांतून कातकरी आणि ठाकूर कुटुंबांनी पावसाळ्यातल्या खावटीपायी काय काय सोसले, ते सांगायला आकडेवारी लागत नाही. दीडचा तीनदा गुणाकार पुरतो.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. प्राथमिक शाळेत काय शिकवावे हे सांगताना त्यांनी मोडी आणि बालबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेबाची मागणी केली. ज्या लिपीत आणि ज्या पाढ्यांत शेतकरी फसवला जातो तीच लिपी, तेच पाढे त्याच्या मुलाला यावेत, हा त्यामागचा विचार मला दिसतो. पावकी-निमकीची खरी बाजू घ्यायची तर अशी घ्यावी लागेल.

पाठ्यपुस्तकाचे वाचन

आता दुसरा मजकूर. शालेय पुस्तकात अपूर्णांकाचे प्रकरण साधारण एका ठरलेल्या चित्राने सुरू होते. एक वर्तुळ किंवा आयत, त्याचे समान भाग, त्यांतले काही रंगवलेले. शेजारी प्रश्न : एकूण भाग किती, रंगवलेले किती? चारपैकी तीन रंगवले, म्हणून ३/४. पाव, अर्धा, पाऊण हे शब्द सुरुवातीला भेटतात. मग अंश आणि छेद येतात, सममूल्य अपूर्णांक येतात, अंशाधिक आणि छेदाधिक येतात आणि बाजारातले शब्द मागे राहतात.

या मजकुराचे मोठेपण मान्य करूनच पुढे जायला हवे. 'समान' या शब्दावर त्याचा जो भर आहे तो अंकलिपीत कुठेच नाही. तो कोणत्याही छेदाला सारखाच लागू पडतो. तो छडीशिवाय शिकवता येतो, आणि ज्या मुलीच्या घरात कोणी पाढे म्हटलेले नाहीत तिलाही पहिल्या दिवशी समजतो. हे सगळे कमी नाही.

माझा आक्षेप एका शब्दावर आहे : 'पैकी'. चारपैकी तीन असे म्हटले की अपूर्णांक ही एक संख्या राहत नाही, ती दोन मोजण्या होते. एक मोजणी खाली, एक वर. आणि 'पैकी'च्या भाषेत २/५ हे उत्तर अगदी बरोबर ठरते, हे मुलाच्या बाजूने सांगायला हवे. एका पेटीतल्या दोन आंब्यांपैकी एक नासका निघाला, दुसऱ्या पेटीतल्या तिनांपैकी एक नासका निघाला. मिळून पाचांपैकी दोन नासके. १/२ आणि १/३ यांचे २/५ करणारे मूल नेमके हेच करत असते. ते भाषा नीट ऐकते आणि त्या भाषेला जागते. आपण त्यावर लाल फुली मारतो.

दुसरा परिणाम याहून गंभीर आहे. ५/४ हा अपूर्णांक 'पैकी'च्या भाषेत बोलून दाखवा. चारपैकी पाच! चार आंब्यांतून पाच आंबे कसे काढायचे? म्हणून अंशाधिक अपूर्णांकाशी मुले अडखळतात, आणि आपण त्यांना रूपांतराचा नियम देऊन पुढे ढकलतो. त्याच मुलाने पूजेच्या ताटात सव्वा रुपया ठेवलेला असतो. त्याच्या घरात कोणाला तरी साडेसाती असते आणि शनी एका राशीला अडीच वर्षे, तीन राशींना साडेसात, हा अडीचकीचा हिशेब त्याने ऐकलेला असतो. एकाहून मोठा अपूर्णांक त्याच्या भाषेत पहिल्यापासून आहे. पुस्तक मात्र तो सहा महिन्यांनी, एक अवघड प्रकार म्हणून, नव्याने आणते.

मुळात अपूर्णांक या नावातच थोडा अन्याय आहे. संस्कृतात त्याला भिन्न म्हणत, म्हणजे मोडलेला. अरबी आणि लॅटिन शब्दांचा अर्थही तोच. मोडलेल्या वस्तूचे तुकडे मोजता येतात, पुन्हा जोडता येतात. अपूर्ण म्हटले की उणीव उरते. सव्वा हा पूर्णाला ओलांडून गेलेला असतो, तरी त्याला आपण अपूर्णच म्हणतो.

२०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला. एकवीस, बावीसच्या जोडीने वीस एक, वीस दोन असे वाचन त्यात दिले होते. समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांचे म्हणणे असे की दहा-दहाच्या जोडशब्दांत एकक आधी आणि दशक नंतर बोलले जाते, लिहिताना ते उलटे होते, आणि मुले गोंधळतात. विरोधकांना त्यात मराठीची मोडतोड दिसली. दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य होती, ती म्हणजे संख्येचे नाव हे शिकण्याचे साधन असते. एकोणतीस म्हणजे तिसाला एक ऊन. पाऊण म्हणजे एकाला पाव ऊन. घडण एकच. एकोणतिसासाठी आपण हिरिरीने भांडलो. पाऊणच्या बाजूने तसे भांडण माझ्या तरी वाचनात आले नाही.

तीन पाव

इथवर आलो तेव्हा माझा निष्कर्ष तयार होता. पाठ्यपुस्तकाने पाव, पाऊण, सव्वा यांच्यापासून सुरुवात करावी, उभ्या रेघा दाखवाव्यात, मग छेद आणावा. लेख इथेच संपला असता.

तो संपला नाही याला कारण खोपोलीजवळच्या एका वाडीवरून येणारी एक मुलगी. ती नव्याने आमच्यात बसू लागली होती. मी उत्साहाने विचारले, "अर्धा आणि पाव मिळून किती?" ती म्हणाली, "तीन पाव." बाकीची मुले हसली. एक जण म्हणाला, "तीन पाव म्हणजे वडापावचे!" मीही तिला दुरुस्त केले. "त्याला पाऊण म्हणतात," मी सांगितले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो. ती गप्प झाली आणि त्या दिवशी पुन्हा बोलली नाही.

रात्री वही तपासताना माझ्या लक्षात आले की त्या खोलीत सर्वांत शुद्ध गणित ती बोलली होती. खाण्याचा पाव पोर्तुगीजांकडून आला, हिश्शाचा पाव पादातून. मुलांचे हसणे त्या योगायोगावर होते. पण तीन पाव म्हणजे काय? पाव हे मापाचे नाव आणि तीन ही त्याची मोजणी. छेद म्हणजे तुकड्याचे नाव, अंश म्हणजे तसे तुकडे किती. ३/४ या लेखनाचा नेमका हाच अर्थ आहे. पाऊण या शब्दात तीन कुठेच नाहीत; तो एकापासून मागे मोजतो. ज्या शब्दाची मी पाने भरून तरफदारी केली होती तो वहीतल्या ३/४ कडे जायला पूल होत नव्हता. तिचा शब्द होत होता. आणि मी तो खोडला होता.

मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात के. सुब्रमण्यम आणि श्वेता नाईक यांनी अपूर्णांकांच्या अध्यापनावर काम केले आहे. वाटणी आणि माप या अपूर्णांकाच्या दोन अर्थांची सांगड घालणे हा त्याचा गाभा. तीन भाकऱ्या चार मुलांत वाटल्या तर प्रत्येकाला किती, हा एक प्रश्न. आणि एक-चतुर्थांश हे माप तीनदा घेतले तर किती, हा दुसरा. दोन्हींचे उत्तर एकच येते हे मुलाला दिसले पाहिजे. हॉलंडमध्ये स्ट्रीफलँड यांनीही वाटणीपासूनच सुरुवात केली होती. हे सगळे मी वाचलेले होते. तरी तीन पाव ऐकल्यावर मला ते आठवले नाही, कारण माझ्या कानाला पाऊणची सवय होती. हळव्या लेखांवर मी जो दोष ठेवला तो माझ्याही पदरात होता.

आमच्या भागातली जुनी धान्यमापे तीन पावच्या बाजूचीच साक्ष देतात. पायलीचे चार शेर, शेराची दोन मापटी, मापट्याची दोन चिपटी, चिपट्याची दोन कोळवी, कोळव्याची दोन निळवी. प्रत्येक तुकड्याला स्वतःचे नाव. शेराचा सोळावा हिस्सा कोणी म्हणत नसे, निळवे म्हणत. तीन निळवी आणि दोन निळवी मिळून पाच निळवी. निळव्यात निळवे मिळवून कोणी बत्तिसावा हिस्सा करत नसे. तुकड्याला नाव मिळाले की तो स्वतः एक वस्तू होतो आणि मोजता येतो. खालचे खाली मिळवण्याची चूक तिथे संभवतच नाही.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांसमोर सांगितले की काल मी चुकलो, तीन पाव हे उत्तर बरोबर आहे आणि पाऊण हे त्याचे टोपणनाव आहे. मग आम्ही सव्वाला पाच पाव म्हटले, दीडला सहा पाव, अर्ध्याला दोन पाव. २/६ लिहिणाऱ्या मुलाने स्वतःच वहीत दोन पाव आणि एक पाव लिहिले, तीन पाव केले, आणि बाजूला ३/४. "मग कालचं चुकलं," तो म्हणाला. बाजारातले गणित आणि वहीतले गणित एकच आहे असे त्याला मी सांगितले नाही. त्याने पुढचे उदाहरण विचारले, त्यावरून ते त्याला समजले असावे.

अडचण तिसऱ्या हिश्शाशी आली. तिने भाकरीचे तीन तुकडे केले आणि विचारले, "काका, याला काय म्हणायचं?" मी तृतीयांश म्हणालो. तिने दोनदा म्हणून पाहिले; जिभेवर बसेना. तिर्धेल मला आठवला, पण तो शब्द तिच्या हाती द्यावासा वाटला नाही. इतिहासाच्या धड्यात चौथाई आलेली एक मुलगी म्हणाली, "चौथ्याची चौथाई, तर तिसऱ्याची तिसराई." चौथाई हा मराठ्यांनी वसूल केलेल्या महसुलाचा चौथा हिस्सा, घेणाऱ्यांचा शब्द. त्या साच्यातून मुलांनी वाटणाऱ्यांचा शब्द काढला. तो कोशात नाही. आमच्या वहीत आहे : एक तिसराई, दोन तिसराई, तीन तिसराई म्हणजे एक भाकरी, चार तिसराई म्हणजे एक भाकरी आणि वर एक तिसराई.

पाठ्यपुस्तक करणाऱ्यांकडे माझे मागणे त्यामुळे बदलले आहे. पाऊण शिकवाच, तो शब्द गेला तर भाषेचा एक कोपरा रिकामा होईल. पण त्याआधी तीन पाव म्हणू द्या. 'पैकी' थोडा उशिरा आणा. तुकड्याला नाव द्यायला मुलांना वेळ द्या. ते नाव कोशातले नसले तरी चालेल. तृतीयांश नंतर येईल आणि तेव्हा तो ओळखीचा निघेल.

अर्धा आणि तिसराई मिळून किती, हे गणित आम्ही परवा काढले. अर्ध्याचे तिसराईत मोजमाप होत नाही, तिसराईचे अर्ध्यात होत नाही, तेव्हा दोघांना चालेल असा लहान तुकडा हवा, हे त्या वाडीवरच्या मुलीने भाकरी मोडून शोधून काढले. अर्ध्यात तसे तीन, तिसराईत दोन, मिळून पाच. उत्तर बरोबर आहे. त्या तुकड्याला सहावाई म्हणायला मात्र ती तयार नाही. ऐकायला बरे वाटत नाही म्हणते. नाव ठरेपर्यंत वहीत ती जागा कोरी ठेवली आहे.